तीनशे बारा जनावरं आणि एक ‘जर’

“जर फोल्डर नसेल तर तयार कर. असेल तर गप्प बस. झालं! एवढ्याशा कामासाठी बाहेरून माणूस बोलवायचा?”

जनावरांच्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर उभं राहून भाऊंनी हे वाक्य टाकलं, तेव्हा त्यांची छाती इतकी फुगली होती की पांढऱ्या कोटाचं वरचं बटण सुटून थेट सशाच्या पिंजऱ्यात जाऊन पडलं. सशाने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. भाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

भाऊ म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी या दवाखान्याचं रजिस्टर सांभाळलं होतं. सांभाळलं म्हणजे काय, तर त्यात त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला काही वाचताच येत नव्हतं! त्यांचं अक्षर बघून एकदा एका बकरीच्या मालकाने विचारलं होतं, “हा हिच्या हृदयाचा आलेख आहे का?”

त्यातून नावांची भानगड. गावातल्या दर तिसऱ्या कुत्र्याचं नाव टॉमी आणि दर दुसऱ्या मांजरीचं मनी. म्हणून भाऊंनी पहिल्यापासून स्वतःची पद्धत काढली होती. जनावराचं नाव गेलं खड्ड्यात, मालकाच्या धंद्यावरून नोंद करायची. ‘वॉचमनचा कुत्रा.’ ‘सुताराची म्हैस.’ ‘ड्रायव्हरची कोंबडी.’ सुटसुटीत!

आता डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं की सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि त्यासाठी एक जाणकार माणूस नेमायचा. हे ऐकून भाऊंनी रजिस्टर जवळ ओढून घेतलं. रजिस्टर गेलं म्हणजे आपलं काय उरलं? इंजेक्शनच्या सुया मोजायच्या? म्हणून त्यांनी दोन महिने दोन बोटांनी सगळं रजिस्टर टाइप केलं. एका यादीत तीनशे बारा जनावरांची नावं, दुसऱ्या यादीत प्रत्येक नावापुढे त्या जनावराची माहिती. आणि अकरा दिवस व्हिडिओ बघून ते ‘शेल स्क्रिप्ट’ लिहायला शिकले. म्हणजे कॉम्प्युटरला एका कागदावर हुकूम लिहून द्यायचे, की त्याने ते एकामागून एक मुकाट्याने पाळायचे. यादीतलं नाव वाच. त्या नावाचा फोल्डर नसेल तर कर. आत ‘नोंद’ नावाची फाइल नसेल तर ती कर आणि त्या नावाची माहिती तिच्यात भर.

“भाऊ, रविवारी लसीकरणाचं शिबिर आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तोवर जमेल?”

“मॅडम, रविवारी तुम्ही फक्त नाव घ्या. जनावर पडद्यावर हजर!”

शुक्रवारी सकाळी भाऊंनी स्क्रिप्ट चालवली. कॉम्प्युटरने काळ्या पडद्यावर एकच ओळ दाखवली. तिचा मतलब असा, की तुम्ही काय म्हणताय ते मला समजलं नाही.

भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा चालवली. कॉम्प्युटरला पुन्हा समजलं नाही. दुपारपर्यंत भाऊंनी ती सत्तावीस वेळा चालवली आणि कॉम्प्युटरला सत्तावीस वेळा समजलं नाही.

आता विचारणार कोणाला? घरात एकच माणूस यातला जाणकार, तो म्हणजे जावई. पण लग्नाच्या बोलणीत भाऊ भर बैठकीत म्हणून बसले होते, “कॉम्प्युटरवाल्यांना काम असं काही नसतंच हो! बटणं दाबायची आणि पंख्याखाली बसायचं.” तेव्हापासून जावयाशी ते फक्त हवापाण्याबद्दल बोलत. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला.

“माझी अडचण नाहीये,” भाऊ म्हणाले. “एका मित्राची आहे.”

त्यांनी ‘जर’ची ओळ वाचून दाखवली. लेकीने तिकडे नवऱ्याला विचारलं आणि इकडे सांगितलं, “बाबा, हे म्हणतायत, जागा सोडा.”

“काय?” भाऊ ताडकन उभे राहिले. “मी का जागा सोडू? अठ्ठावीस वर्षं बसलोय या खुर्चीवर! कोण जावई मला जागा सोडायला सांगणारा?”

“अहो बाबा, खुर्चीतली नाही, कंसातली! चौकोनी कंस उघडला की एक जागा मोकळी सोडायची, मग उद्गारचिन्ह, मग पुन्हा जागा सोडायची.”

“ते उद्गारचिन्ह तिथे कशाला हवंय? एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय त्याला?”

“त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो म्हणे. ‘फोल्डर नसेल तर’ मधला ‘न’.”

“मग ‘न’ लिहायला काय हरकत होती?”

“आणि बाबा, हे विचारतायत, शेवटी फी दिलीत का?”

भाऊंचा चेहरा लालबुंद झाला. “फी? सासऱ्याकडून फी? हे तुझ्या सासरचे संस्कार?”

“बाबा! इंग्रजी ‘इफ’ उलटं लिहिलं की ‘फि’ होतं! जर-तर सुरू केलं की संपवताना ते लिहावं लागतं. तुमच्या मित्राने लिहिलंय का?”

भाऊंनी पडद्याकडे पाहिलं. मित्राने लिहिलं नव्हतं.

त्यांनी कंसात जागा सोडली, उद्गारचिन्ह टाकलं, ‘फि’ लिहिलं. आधी चाचणी म्हणून टॉमी, मनी आणि चिंगी अशा तीनच नावांची छोटी यादी दिली. तीन फोल्डर तयार! पुन्हा चालवली, तर एकही नवा फोल्डर नाही. म्हणजे ‘असेल तर गप्प बस’ हेही त्याला कळलं होतं. भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी सशाला एक गाजर जास्त दिलं.

मग त्यांनी तीनशे बारा जनावरांची खरी यादी दिली आणि बटण दाबलं. चार सेकंदांत सगळं आटोपलं, तक्रारीची एक ओळ नाही. पडद्यावर फोल्डरच फोल्डर! भाऊंनी ते लांबूनच पाहिले, जसं वाढदिवसाला आलेल्या पाकिटांकडे पाहावं. मग जुनी रजिस्टरं पोत्यात भरली, पोत्याचं तोंड सुतळीने शिवलं आणि पोतं घरी नेऊन माळ्यावर टाकलं.

रविवारी सकाळी आठ वाजता दवाखान्याच्या दारात अशी रांग लागली होती, की पुढचं टोक टेबलाशी आणि मागचं टोक कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानाशी. भुंकणं, म्यावम्याव, फडफड, आणि मालकांची एकमेकांशी ‘आधी आम्ही आलोय’ची हुज्जत. पहिला नंबर वॉचमनचा. त्याच्याबरोबर गुडघ्याएवढा तपकिरी कुत्रा.

“हं, भाऊ,” डॉक्टरीणबाईंनी सिरिंज हातात घेतली. “वॉचमनचा कुत्रा.”

भाऊंनी ऐटीत पडद्यावर शोधलं. ‘वॉचमनचा कुत्रा’ नावाचा फोल्डर नव्हता. ‘वॉचमनचा’ होता आणि ‘कुत्रा’ होता. मधे सुताराचा, ड्रायव्हरचा, न्हाव्याचा, वकिलाची.

“हे काय?” भाऊ पुटपुटले. “यात जनावरं कमी आणि माणसंच जास्त!”

“काय झालं?”

“काही नाही, मॅडम! मिळाला! हा बघा, ‘कुत्रा’!”

त्यांनी ‘कुत्रा’ उघडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “वजन अठरा किलो. वजन चार किलो. वजन बेचाळीस किलो. एक डोळा अधू. दोन्ही डोळे तल्लख. शेपूट नाही. शेपूट लांब, दारात अडकलं होतं, टाके घातले. पाय तीन.”

वॉचमनने खाली वाकून मोजले. “साहेब, याचे चार आहेत.”

“नीट मोजा!”

“चारच आहेत, साहेब. पण तुमच्याकडे लेखी असेल तर…” वॉचमन गोंधळून कुत्र्याकडे बघू लागला.

भाऊ भराभर खाली सरकत राहिले. फाइल संपतच नव्हती. लस दिली, लस दिली, लस दिली, अशी ब्याण्णव वेळा लस दिलेली होती. फोल्डरवर नाव आहेच तर आत पुन्हा कशाला, म्हणून त्यांनी आतल्या माहितीतून नावं काढून टाकायचा हुकूमही मोठ्या हुशारीने दिला होता. आता कोणाचा पाय गेला आणि कोणाचं शेपूट, काही पत्ता लागत नव्हता.

“भाऊ,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “एका कुत्र्याला ब्याण्णव लसी?”

“काळजी घेणारे मालक आहेत, मॅडम.”

वॉचमनने अभिमानाने मान डोलावली. त्याला तेवढंच कळलं होतं.

दवाखान्यातल्या मावशी कोपऱ्यात पिंजरे पुसत होत्या. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “याला मागच्या सालीच लस दिलीय, पाऊस संपता संपता. आता द्यायची वेळ झाली. द्या.”

डॉक्टरीणबाईंनी टोचलं. पुढचा नंबर आला, भाऊंनी ‘मांजर’ उघडलं, आणि पुन्हा तोच प्रकार. एकाच मांजरीला अडतीस पिल्लं आणि तिचंच वर्णन ‘पिवळा बोका, भांडखोर’! रांग पुढे सरकेना. मागून आवाज येऊ लागले. एक शेळी आत शिरून शिबिराचं पत्रक खाऊ लागली.

आणि तेवढ्यात पोस्टमन धावत आला. सायकल तशीच टाकलेली, दोन्ही हातांवर म्हातारी काळी कुत्री. तिच्या मागच्या पायात बाटलीची काच खोलवर घुसली होती आणि रक्त थांबत नव्हतं. रांगेतल्या लोकांनी हुज्जत सोडून वाट दिली.

डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला. “गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागेल, त्याशिवाय ही हात लावू देणार नाही. भाऊ, हिला आधी कधी गुंगी दिली होती का? काही त्रास झाला होता?”

भाऊ पडद्याकडे वळले. ‘कुत्री’ उघडण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ‘पोस्टमनची’ उघडला. आत दोनच ओळी होत्या. त्यांना इतकं हायसं वाटलं की ते जोरात म्हणाले, “मिळालं!” मग त्यांनी वाचलं.

पहिली ओळ: गुंगीचं इंजेक्शन उत्तम सोसते.

दुसरी ओळ: गुंगीचं इंजेक्शन अजिबात सोसत नाही, जीव जाता जाता वाचला.

“यातली कोणती ओळ हिची?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दोन्ही… म्हणजे पोस्टमनची कुत्रीही आहे आणि पोस्टमनची शेळीही.” भाऊंनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. “एक कुत्रीची. एक शेळीची.”

“पण कोणती कोणाची?”

“मला ठाऊक नाही,” पोस्टमन रडकुंडीला आला. “दवाखान्यात आणणं-नेणं बायको करते. ती प्रवासात आहे, फोन लागत नाहीये. साहेब, लवकर काहीतरी करा ना!”

टाइप केलेली यादी नावांसकट त्याच कॉम्प्युटरवर पडली आहे, हे घाबरलेल्या भाऊंना सुचलंच नाही; त्यांनी घरी फोन लावला. “अगं, माळ्यावरचं पोतं काढ! लगेच! पोस्टमनची कुत्री बघ!”

“पोत्यात कुत्री?” पलीकडून बायको किंचाळली. “तुम्ही माळ्यावर कुत्री ठेवलीत?”

“अगं रजिस्टर! रजिस्टरात बघ!”

“शिडी शेजाऱ्यांनी नेलीय रंग द्यायला. आणि तुमचं अक्षर मला कधी लागलंय?”

भाऊंनी फोन बंद केला. कुत्री त्यांच्याकडे बघत होती. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एका जनावराच्या औषधात चूक केली नव्हती. वाचता न येणाऱ्या अक्षरात का होईना, प्रत्येकाचं खरं तेच लिहिलेलं होतं.

मावशी पुढे आल्या आणि त्यांनी कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं. “नको, बाई. हिला ती सुई नको. तीन वर्षांपूर्वी गळू कापायला आणली होती तेव्हा असंच माझ्या मांडीवर डोकं होतं, आणि थंड पडली होती. तुम्ही तिला चोळून चोळून आणलंत. शेळीला काय, शेळी दगड पचवते.”

डॉक्टरीणबाईंना आठवलं. “तीच का ही? तेव्हा केवढी गुबगुबीत होती!” त्यांनी दुसरं औषध काढलं, पायापुरती जागा बधिर केली, आणि मावशी कानात काहीतरी पुटपुटत असताना काच निघाली, टाके पडले. कुत्रीने शेवटी मावशींचा हात चाटला. पोस्टमनने आधी मावशींना नमस्कार केला, मग डॉक्टरीणबाईंना, आणि गडबडीत भाऊंनाही. भाऊंना तो नमस्कार कुठे ठेवावा तेच कळेना.

शिबिर मावशींनी पार पाडलं. त्या जनावराकडे बघत आणि ‘द्या’ किंवा ‘नको’ म्हणत. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर भाऊंनी फोन लावला.

“जावईबापूंना दे,” ते लेकीला म्हणाले.

“बाबा, हवामान विचारायचंय का?”

“दे म्हटलं ना!”

जावयाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाबा, हा जागेचा घोळ आहे. ‘वॉचमनचा’ आणि ‘कुत्रा’ यांच्यामध्ये मोकळी जागा आहे ना? कॉम्प्युटरला वाटलं, ही दोन वेगवेगळी नावं.”

“अहो पण तुम्हीच सांगितलंत ना, जागा सोडा म्हणून!”

“ती कंसात, बाबा.”

“म्हणजे कंसात जागा सोडली नाही तर चालत नाही, आणि नावात सोडली तरी चालत नाही?”

“नावात चालते. पण मग यादी शब्दाशब्दाने न वाचता ओळीओळीने वाचायची, आणि नाव अवतरणचिन्हांत ठेवायचं.”

“नाव अवतरणात, जागा कंसात, आणि नकाराला उद्गार!” भाऊंनी कपाळाला हात लावला. “आम्ही शाळेत व्याकरण शिकलो ते सगळं वाया गेलं म्हणायचं.”

जावई हसला नाही, हे भाऊंच्या लक्षात आलं. उलट त्याने फोनवर एकेक अक्षर सांगत दीड तास त्यांच्याकडून स्क्रिप्ट नीट करून घेतली. जुने फोल्डर पुसले. नवे केले. ‘वॉचमनचा कुत्रा’ मिळाला, चार पायांचा. ‘पोस्टमनची कुत्री’ वेगळी, ‘पोस्टमनची शेळी’ वेगळी. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता मोजा,” जावई म्हणाला.

भाऊंनी मोजले. तीनशे अकरा.

“एक कमी आहे!” भाऊ ओरडले. “जावईबापू, तुमच्या स्क्रिप्टने एक जनावर खाल्लं!”

“तसं होणार नाही. एखादं नाव यादीत दोनदा असेल. पहिल्यांदा फोल्डर झाला, दुसऱ्यांदा तो आधीच होता म्हणून कॉम्प्युटर गप्प बसला. तुम्हीच तर तसं सांगितलंय त्याला.”

यादी बघितली. खरंच, ‘शिंप्याची मांजर’ दोनदा होती. भाऊ समाधानाने मागे टेकले. “मग बरोबर आहे! गावात शिंपी दोन आहेत. सख्खे भाऊ, समोरासमोर दुकानं, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोन शिंपी, दोन मांजरी. कॉम्प्युटरच चुकला.”

“दोन कुठल्या?” मावशी म्हणाल्या. “मांजर एकच आहे.”

भाऊ पुन्हा ताठ बसले.

“करड्या रंगाचं, डावा कान फाटलेला,” मावशी सांगू लागल्या. “सकाळी थोरल्याकडे जेवतं, संध्याकाळी धाकट्याकडे. दर साली लशीच्या आठवड्यात थोरला मंगळवारी टोचून नेतो, धाकटा शुक्रवारी. गेली चार सालं.”

“मावशी!” डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. “चार वर्षं आपण एकाच मांजराला दुप्पट लसी देतोय? मला सांगितलं का नाहीत?”

“मला वाटलं, त्याला गरज असेल. आणि बाई, ती मांजर नाही, बोका आहे.”

भाऊंनी दोन्ही शिंप्यांना बोलावणं धाडलं. दोघे आले आणि बाकाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसले. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. मग थोरला भिंतीकडे बघत म्हणाला, “तरीच रात्रीचं जेवायचा नाही. मी म्हणत होतो, याला आजार आहे की काय.”

“मी दूध देतो ना संध्याकाळी,” धाकटा दाराकडे बघत म्हणाला.

“दुधाने पोट बिघडतं त्याचं.”

“म्हणून सकाळी तुझ्याकडे घाण करत असेल.”

हे अकरा वर्षांतलं त्यांचं पहिलं संभाषण. बोक्याच्या पोटावरून सुरू झालं आणि वडिलांच्या शिलाई मशीनपर्यंत जाऊन पोचलं. तासाभराने दोघे भांडत भांडतच, पण एकाच रस्त्याने, बोक्याला शोधायला निघाले. डॉक्टरीणबाई भाऊंकडे बघून हसल्या.

“भाऊ, मानलं तुम्हाला! अठ्ठावीस वर्षांच्या रजिस्टरला जे सापडलं नाही, ते तुमच्या स्क्रिप्टने शोधलं.”

भाऊंची छाती पुन्हा हळूहळू फुगू लागली. “मॅडम, त्याचं काय आहे, ‘जर’ नीट लिहिला की कॉम्प्युटर फसत नाही. जे जनावर आधीच आहे त्याचा दुसरा फोल्डर होणे नाही! ही माझी गॅरंटी!”

तेवढ्यात दारात पार्लरवाल्या बाई आल्या. आनंदाने फुललेल्या, आणि पदराखाली काहीतरी धरलेलं.

“भाऊ, नवीन नोंद करायची होती. आजच पाळलं. आपणहून घरात आलं हो, इतकं माणसाळलेलं!”

“या या!” भाऊंनी बाह्या सरसावल्या. “आता बघाच. नाव घातलं की फोल्डर तयार.” त्यांनी ‘पार्लरवालीची मांजर’ असं लिहिलं आणि बटण दाबलं. कॉम्प्युटरने क्षणभरही कुरकुर न करता नवा फोल्डर केला. तीनशे बारा! भाऊंनी विजयाने टाळी वाजवली.

मग बाईंनी पदर बाजूला केला.

करडा रंग. डावा कान फाटलेला. बोक्याने भाऊंकडे पाहिलं, जांभई दिली, आणि मान आपणहून सुईसाठी पुढे केली.